आन्नाची खुर्ची

१

"हरवला म्हणजे कुठे हरवला?"

"हरवला म्हणजे हरवला. कुठे ते ठाऊक असतं तर आणला नसता का?"

"सुरेखा, उडवून लावू नकोस. मी साधी गोष्ट विचारतोय."

"एकोणपन्नास वर्षांनी साधी गोष्ट सुचली होय? तेव्हा तोंडाला काय कुलूप लावलं होतं, अहो?"

प्रतापरावांनी चहाचं भांडं गाळणीसकट ओट्यावर ठेवलं. टेबलावर तीन कप होते. सकाळचे दहा वाजलेले, बाहेर ऑक्टोबरचं पांढरट ऊन, मुलगा-सून कामावर, नात शाळेत. घरात माणसं दोन आणि कप तीन. तिसऱ्यातून आल्याचा वास येत होता.

"हा कुणाला ओतलात?"

"सवयीनं ओतला गेला."

"कुणाच्या सवयीनं? मला आलं चालत नाही, घसा जळतो. तेही माहीत नसेल तर तसं सांगा, म्हणजे माझी एकोणपन्नास वर्षं कुठे गेली ते तरी कळेल मला."

"आवाज खाली. खालच्या मजल्यावर ऐकू जातं."

"जाऊ दे. फ्राऊ आइझेलेला मराठी येत नाही."

प्रतापराव तिच्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते तिच्या खांद्यावरून मागे, पॅसेजच्या अर्धवट उघड्या दाराकडे. बायकोशी भांडताना माणसानं बायकोकडे बघावं, एवढी तरी रीत असते. सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती प्रश्नानं नाही, या बघण्यानं.

२

तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत गेर्लिंगेनच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली सकाळ घड्याळासारखी होती. साडेसातला हृषिकेश ऑफिसात जायचा, त्याच्या मागोमाग ऊर्मिला अर्धा टोस्ट तोंडात धरून ट्राम पकडायला धावायची. अवनी दप्तर पाठीवर टाकून "च्यूस, आजी" म्हणत जिना उतरायची. मग सुरेखा स्वयंपाकघरातलं टेबल पुसून वाचायला बसायची. टेबल खिडकीशी, अरुंद; त्याला खुर्च्या दोनच मावत. दहा वाजता प्रतापराव चहा करत. पुण्यात ज्यांनी कधी गॅस पेटवला नाही, त्यांना जर्मनीत येऊन चहा करण्याचं वेड लागलं होतं. त्याचं श्रेय सुरेखा स्वतःकडे घेई.

ती शाळेत सातवीपर्यंत गेलेली. पुढचं सगळं स्वतःचं स्वतः. मोडी ती एका वकिलाकडचे जुने दस्त समोर ठेवून शिकली आणि वकिलापेक्षा बरी वाचू लागली. जर्मन शिकली ती दुकानांच्या जाहिरातींवरून आणि अवनीच्या पहिलीच्या पुस्तकावरून. इथल्या लायब्ररीत दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन अक्षरांचा तक्ता दिसला, तेव्हा ती एकटीच हसली. तेच ते वाकडंतिकडं, हात न उचलता लिहिलेलं. महिनाभरात तिला ते येऊ लागलं. आजच्या जर्मनांना आपल्या पणजीचं पत्र वाचता येत नाही आणि आपल्याला येतं, याचा तिला फार गर्व होता, आणि गर्व लपवायची तिला सवय नव्हती.

फ्राऊ आइझेले ही खालच्या मजल्यावरची निवृत्त शिक्षिका. एका सकाळी ती एक तक्रार आणि एक खोका, दोन्ही घेऊन वर आली.

तक्रार आवाजाची होती. सकाळपासून डोक्यावर टक्, टक्, टक्. घरात टाचांचे बूट घालता का? सुरेखानं पाऊल पुढे करून दाखवलं. दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटात चांदीची जोडवी. लाकडी फरशीवर वाजायची ती.

"ही नवरा आहे तोवर काढत नाहीत," सुरेखानं सांगितलं. "बाळंतपणातसुद्धा काढली नव्हती."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ आइझेले म्हणाली, म्हणजे तिला काही पटलं नव्हतं. मग तिनं खोका टेबलावर ठेवला. आत पत्रं होती. तिच्या पणजीची बहीण एका मिशनऱ्याशी लग्न करून अमेरिकेच्या पश्चिमेला गेली होती, त्या सगळ्या काळाची. घरात कुणालाच वाचता येत नव्हती. सुरेखाला येतील का?

सुरेखानं खोक्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. त्याच दुपारी साबण लावून तिनं जोडवी काढली आणि काट्याचमच्यांच्या खणात टाकली. बोटांवर दोन पांढुरके चर राहिले. संध्याकाळी ऊर्मिला म्हणाली, "आई, आम्ही किती वर्षं सांगतोय, काढा म्हणून. आणि तुम्ही एका खोक्यासाठी काढलीत!"

"खोक्यात काय आहे ते तुला वाचता येत नाही, म्हणून तुला तो खोका वाटतो," सुरेखा म्हणाली.

३

मिशनरी योहान्नेस आणि त्याची बायको लुइझे डाकोटाच्या गवताळ माळावर गेले तेव्हा तिथे झाडसुद्धा नव्हतं. गवतासकट मातीच्या विटा कापून त्यांनी घर बांधलं. भोवती आणखी बारा-पंधरा जर्मन कुटुंबं येऊन वसली. लुइझेची चार पत्रं होती, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरातली. प्रत्येकात ती घरी बहिणीकडे काळा दोरा मागायची. पाचवं पत्र नवऱ्याचं, लुइझे तापात गेल्याचं. सहाव्यापासून अक्षर पुन्हा बदललं.

ते आन्नाचं. योहान्नेसला दुसरी बायको म्हणून मिशनच्या कमिटीनं ती ठरवून पाठवलेली. त्यानं तिला पाहिलेलं नाही, तिनं त्याला पाहिलेलं नाही. आणि कमिटीनं तिला सांगितलेलं, की लुइझेच्या बहिणीला आदरानं पत्र लिहीत जा.

दहाच्या चहाला सुरेखा ती पत्रं मराठीत वाचून दाखवी. "ऐका. 'आदरणीय बाई, मी आपल्या बहिणीच्या जागी आले आहे. मी पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालं. लग्नानंतर त्यांनी माझ्या गळ्यापाशी एक पिन लावली. तिच्यात काचेखाली आपल्या बहिणीच्या तपकिरी केसांची वेणी आहे. ती मी रोज लावायची आहे.' बघितलंत? सातासमुद्रापलीकडे तेच!"

सुरेखानं पान उलटलं.

"आणि यांचा शहाणपणा पाहा. ज्यांची ती जमीन त्यांना नदीपलीकडे रेटायचं, आणि वर त्यांनाच देव शिकवायला जायचं. आधी तिथं कोण होतं ते विचारायचंच नाही, असं दिसतंय."

"आधी कोण होतं ते विचारलेलं तुलाही कधी आवडलं नाही," प्रतापराव म्हणाले. हळू, कपात बघत.

सुरेखानं हातातला कागद खाली ठेवला. कारण तीही दुसरेपणाचीच होती. प्रतापरावांची पहिली बायको नीता, लग्नानंतर दीड वर्षात पोटदुखीचं निमित्त होऊन गेली. वय वर्षं बावीस. सुरेखा माप ओलांडून आत आली त्याच दिवशी सासूबाईंनी तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला सवतीचा टाक बांधला होता. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, घास आधी तिला, मग आपण. गेलेलीचा जीव मागे राहू नये म्हणून. सुरेखानं तो चार महिने वागवला. मग एक दिवस नदीवरून आली आणि म्हणाली, हरवला.

सासूबाईंनी टाकाच्या जागी फोटो आणला. चहाचा पहिला कप फोटोपुढे, दुसरा सासूबाईंना, आणि उरलेला सुरेखाला, तोही ओट्याशी उभ्यानं. सासूबाई होत्या तोवर, अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत प्रतापराव फोटोबद्दल कधी बोलले नाहीत, आणि नीताबद्दल तर नाहीच. सुरेखाला वाटे, बोलले असते तर बरं झालं असतं. बोलणाऱ्याशी भांडता येतं.

४

आवाज पहिल्यांदा कधी आला ते तिला नेमकं सांगता येत नाही. जोडवी काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी असेल. ती वाचत होती. पॅसेजमध्ये टक् झालं.

हीटिंगच्या नळ्या असतील, ती स्वतःशी म्हणाली. थंडी सुरू झाली की नळ्या तापतात, तडतडतात. दर वर्षीचं आहे.

टक्. टक्.

नळ्या चालत नाहीत. हा आवाज बेडरूमपासून निघून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबला. सुरेखा उठून पाहायला गेली. पॅसेजमध्ये अवनीच्या चपला, ऊर्मिलाची छत्री, प्रतापरावांची टोपी. बैठकीच्या खोलीत प्रतापरावांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं आणि मान किंचित कलती करून बसले होते, लांबून गाणं ऐकू येतंय तसे.

"काही ऐकलंत?"

"तू उठलीस ना आत्ता?"

"मी अनवाणी आहे."

"असं होय," म्हणाले, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

लाकूड सुकतं, तेव्हा वाजतं. वरच्या मजल्यावरचे पाहुणे असतील. बहात्तराव्या वर्षी कानात काहीही वाजतं. एका दिवसात तिनं अशी पाच-सहा कारणं शोधली, आणि शोधलेलं प्रत्येक कारण तिनं स्वतःच तपासून बाजूला ठेवलं. तिची बुद्धी तशी होती. स्वतःचं खोटं तिला पचत नसे.

दुसऱ्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्यांची होती. सुरेखा केर काढत खालच्या मजल्यावर आली तशी फ्राऊ आइझेलेनं दार उघडलं. फारच छान झालं, म्हणाली. तुमचं चालणं आता अजिबात ऐकू येत नाही. आता फक्त त्या दुसरीला सांगा.

"कोण दुसरी?"

"तीच, हलक्या पावलांची. तरुण आहे. सकाळी नऊपासून चालत असते." तिनं बोटांनी दाराच्या चौकटीवर वाजवून दाखवलं. टक्, टक्, टक्. तोच ताल. एकोणपन्नास वर्षं सुरेखाच्याच पायांत वाजलेला. "सून असेल ना तुमची?"

"सून साडेसातला जाते."

फ्राऊ आइझेलेनं चौकटीवरचा हात खाली घेतला. "आल्झो, बरं," म्हणाली, "मग मी विचारत नाही." आणि दार लावून घेतलं.

सुरेखा जिन्याच्या पायरीवर बसली. हातात झाडू.

टाक नदीवर हरवला नव्हता. ती तो पदराच्या गाठीत बांधून रविवार पेठेतल्या सोनाराकडे घेऊन गेली होती. वितळव, म्हणाली, वरून लागेल तेवढी चांदी घाल, आणि जोडवी कर. तेवीस वर्षांची होती ती तेव्हा. घरी येताना तिनं मुद्दाम पाय आपटत रस्ता तुडवला होता. गळ्यात मिरवायला लावता काय मला? आता चालू दे हिला माझ्या पायाखाली, जन्मभर.

आणि ती जोडवी गेल्या आठवड्यात तिनं आपल्या हातानं काढली होती. साबण लावून.

५

आन्नानंही तसंच केलं होतं. तिनं पिन घराच्या उंबऱ्याखाली पुरली. 'दिवसातून चाळीस वेळा तिच्यावरून जाते,' तिनं लिहिलं होतं, 'देव मला क्षमा करो, मला बरं वाटतं.' हे तिनं कुणाला लिहिलं? लुइझेच्या सख्ख्या बहिणीला. त्या माळावर बोलायला दुसरं कुणी नसणार. हे वाक्य सुरेखानं प्रतापरावांना वाचून दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी गावकऱ्यांनी मिशनच्या घराला लाकडी फरशी घालून दिली, तेव्हा उंबरा उखडला. पिन निघाली. आन्नानं ती पेटीत ठेवली. त्यानंतरची पत्रं लहान होत गेली. नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं कुणीतरी काळ्या दोऱ्यानं शिवतं. आपल्याकडे काळा दोरा नाही. नवरा जेवताना आपल्या मागे बघतो. प्रार्थनेला तीन आवाज लागतात. वारा असेल, असं आन्ना दर वेळी लिहायची. तिथे वारा फार होता.

आणि इथे प्रतापरावांनी तिसरा कप काढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सुरेखानं काही न बोलता तो उचलून धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यात आलं होतं. म्हणजे तिला आल्याचा आवडायचा तर! सुरेखाला भीती वाटायला हवी होती, पण आधी जळफळाट झाला. या माणसाबरोबर संसार केला, त्याचा मुलगा वाढवला, त्याचं बायपास झालं तेव्हा मी दवाखान्यात बाकावर झोपले. आणि त्या दीड वर्षवालीचा चहा याच्या अजून हातात आहे!

आज सकाळी तिनं शेवटची दोन पत्रं वाचली.

आन्नाचं शेवटचं पत्र अर्ध्या पानाचं. 'ती दाराशी उभी राहते. आत येत नाही. काल माझ्या नवऱ्यानं मला विचारलं, तू जरा उठतेस का. ते इतक्या गोड आवाजात माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी फार दमले आहे. मी उठले आणि तिला माझी खुर्ची दिली. ते हसले.'

त्याच्या खाली आणखी एक पत्र होतं. वर तारीख आन्नाच्या पत्रानंतर तीन आठवड्यांची. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं.

'माझ्या लाडक्या बहिणी, मला आता पुष्कळ बरं आहे. योहान्नेस मजेत. नवी फरशी फार सुंदर झाली आहे. काळा दोरा संपला, तेवढा पाठव.'

सुरेखानं ते पत्र लुइझेच्या जुन्या पत्रांशेजारी ठेवलं. प्रत्येक वळण ताडून पाहिलं. मोडीत तिनं खोट्या सह्या पकडल्या होत्या, कोर्टानं तिचं म्हणणं मान्य केलं होतं. हात एकच होता. तारीख चुकली असेल, ती स्वतःशी म्हणाली. माणसं वर्ष लिहायला चुकतात. पण फरशी? लुइझे गेली तेव्हा त्या घरात नुसती माती होती.

खोक्यात आन्नाबद्दल पुढे एक ओळ नव्हती. पिन तेवढी तळाशी, कापसात. काच अखंड. आत केसांच्या दोन वेण्या होत्या, एक तपकिरी आणि एक पिवळसर.

त्याच वेळी मागून प्रतापरावांनी चहा गाळायला घेतला आणि विचारलं, "सुरेखा, तो टाक कुठे आहे?"

६

"तुम्ही तिकडे काय बघताय?" सुरेखा म्हणाली. "भांडण माझ्याशी आहे ना? मग माझ्याकडे बघा. ऐका, सांगते. नाही हरवला टाक. वितळवला. जोडवी केली आणि पायात घातली. झालं समाधान?"

तिला वाटलं, आता ते ओरडतील. तिला ते हवंच होतं. एकोणपन्नास वर्षं ती त्या ओरडण्याची वाट बघत होती.

"मला ठाऊक आहे," प्रतापराव म्हणाले. "सोनारानं मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

खिडकीबाहेर कचऱ्याची गाडी मागे येताना टीटी करत होती.

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तुझ्या पायात का होईना, घरात होती. तू सकाळी उठून चालायला लागलीस की आवाज यायचा. मी पडल्यापडल्या ऐकायचो." त्यांचा आवाज अगदी साधा होता, त्यात कुठे दुष्टावा नव्हता, आणि तेच सुरेखाला सोसवेना. "रोज ऐकायचो. मग तू काढलीस, आणि मला वाटलं, संपलं. पण नाही."

म्हणजे ते कान तिच्या पावलांकडे नव्हतेच. तिला वाटायचं, आपण आलो की हा माणूस मान वळवतो. केवढा अभिमान होता तिला त्या मान वळवण्याचा!

"मग टाक कुठे म्हणून विचारलंत कशाला, ठाऊक होतं तर?"

"जोडवी खणात नाहीत. काल पाहिलं मी. कुठे ठेवलीस, एवढंच विचारायचं होतं. नीट विचारता आलं नाही."

सुरेखानं बसल्याबसल्या हात लांब करून खण ओढला. काटे, चमचे, लिंबू पिळायचं यंत्र, अवनीची दुधाच्या दाताची डबी. तिनं पुन्हा सगळं चाचपलं.

टक्.

पॅसेजच्या टोकाला, बेडरूमपाशी.

हीटिंग असेल, ती मनात म्हणाली. कारण कुणीतरी म्हणायला हवं होतं.

टक्. टक्. घाई नाही, संकोच नाही. आपल्याच घरात चालावं तसं. चपलांवरून, छत्रीवरून, टोपीखालून. दाराशी येऊन थांबलं.

दार अर्धवट उघडं होतं. सुरेखानं मान वर केली नाही. तिची नजर फरशीवर होती आणि तिथंच राहिली. दाराच्या फटीत, उंबऱ्याच्या पट्टीच्या पलीकडे, दोन पावलं होती. गोरी, भरीव, टाचेला एक भेग नाही. हळदीचा पिवळेपणा नखांच्या कडांना अजून होता. दुसऱ्या बोटांत सुरेखाची जोडवी. तिच्या बोटांना ती नेहमी थोडी घट्ट व्हायची. या बोटांना बरोबर बसली होती.

प्रतापराव उठून उभे राहिले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात न टेकता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुरेखानं कधी पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, हृषिकेश झाला तेव्हा नाही, कधीच नाही. असा चेहरा या माणसाकडे होता, आणि तो त्यानं एवढी वर्षं कुणासाठी तरी राखून ठेवला होता.

"सुरेखा," ते म्हणाले. किती गोड म्हणाले. "जरा उठतेस का?"

तिचे गुडघे उठायला निघालेच होते. बायकांचे गुडघे तसे शिकवलेले असतात, सांगितलं की उठतात. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक खालून धरली. पायाच्या बोटांवरचे पांढुरके चर फरशीवर दाबले. समोर खोक्यात, कापसात, पिवळसर वेणी दिसत होती. आन्ना दमली होती. सुरेखाही दमली होती, पण ते कुणाला सांगायची तिची इच्छा नव्हती.

मग तिनं एक हात सोडला. तिसरा कप बशीसकट टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला, दाराच्या बाजूला. चहा थोडा हिंदकळला. आल्याचा वास आला. मान वर न करता, त्या हळदीच्या नखांकडे बघत, स्वतःच्या खुर्चीत घट्ट बसून ती म्हणाली,

"चहा आधी तू घे, नीता, पण उभ्यानं."